प्रिंटचे रंग बिघडले? रंगाच्या स्लायडरला हात शेवटी लावा

ऑफिसमधल्या प्रिंटरची जबाबदारी मला कोणी रीतसर दिलेली नाही. एकदा अडकलेला कागद काढून दिला आणि ती माझ्या गळ्यात पडली ती पडलीच. कागद अडकला, टोनर (लेझर प्रिंटरची रंगीत पूड) संपला, अशा तक्रारींचा निकाल पाच मिनिटांत लागतो. रंगाची तक्रार तशी नसते. ‘स्क्रीनवर निळा दिसतोय, कागदावर जांभळा आलाय’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की कोणी दोन कागद हातात घेऊन माझ्या टेबलाकडे येताना दिसलं, की पुढचं वाक्य मला पाठ असतं.

माझ्याकडे येण्याआधी बहुतेकांनी एक उद्योग करून ठेवलेला असतो. ड्रायव्हरमध्ये (कंप्युटरमधला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) नाहीतर मशीनच्या पॅनेलवर जाऊन सायन (आकाशी), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा यांचे आकडे वरखाली केलेले असतात. एकदा प्रिंट गुलाबी येत होत्या म्हणून कोणीतरी मजेंटा बराच खाली ओढून ठेवला. दोन दिवसांनी टोनर बदलला, मशीनने स्वतःचं कॅलिब्रेशन (रंगांची आपोआप जुळवणी) केलं आणि सगळ्या प्रिंट हिरवट यायला लागल्या. मूळ दोष गेला होता, त्यावर केलेला इलाज मागे उरला होता. तो आकडा शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला.

तेव्हापासून मी ठरवलंय: दोष स्क्रीनमध्ये आहे, फाइलमध्ये, ड्रायव्हरमध्ये की मशीनमध्ये, हे कळेपर्यंत स्लायडर बंद.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी नीट पाहा. ‘रंग खराब येतोय’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- पूर्ण पानावर एकाच रंगाची झाक. करडा भाग बघा, तो गुलाबी, हिरवट किंवा पिवळट दिसेल.
- एखादा रंगच गायब. लालाच्या जागी गुलाबी आणि हिरव्याच्या जागी निळसर आलं, तर पिवळा येत नाहीये. लालाच्या जागी पिवळा आणि निळ्याच्या जागी आकाशी आला, तर मजेंटा गेला. हिरव्याच्या जागी पिवळा, निळ्याच्या जागी गुलाबी, म्हणजे सायन.
- सगळंच काळं-पांढरं येतंय.
- एकच फाइल, एकच मशीन, पण दोन कंप्युटरवरून दोन वेगळे रंग.
- फोटो छान येतात, फक्त लोगोचा रंग जुळत नाही.
- अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसते.
- आडवे पट्टे, उभी पांढरी रेघ, किंवा ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा.
- प्रिंट ठीक, पण कॉपी काढली की रंग बिघडतो. हा दोष छपाईचा नसून स्कॅनरचा असतो. काच पुसा. वरच्या फीडरमधून कागद घालत असाल तर बाजूची अरुंद काचेची पट्टीही पुसा, ती सगळे विसरतात.

१. आधी स्क्रीन आणि उजेड

याला अर्धा मिनिट लागतो. विंडोजमध्ये नाइट लाइट, मॅकमध्ये नाइट शिफ्ट किंवा ट्रू टोन चालू आहे का बघा. नाइट लाइट आणि नाइट शिफ्ट पडदा मुद्दाम पिवळसर करतात, ट्रू टोन खोलीतल्या उजेडाप्रमाणे त्याची छटा बदलतो. डोळा त्याला सरावतो, मग कागदावरचा बरोबर रंग आपल्याला निळसर वाटायला लागतो आणि आपण प्रिंटरला दोष देतो.

स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला असेल तर तोही कमी करा. ‘प्रिंट काळपट येते’ या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात. पडदा स्वतः उजेड देतो, कागद फक्त खोलीतला उजेड परत फेकतो. भगभगीत पडद्याशेजारी कुठलाही कागद मळकाच दिसणार. शुभ्र कोरा कागद मॉनिटरजवळ धरायचा आणि पडद्यावरचा पांढरा त्या कागदाइतपत वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवायचा, हा माझा साधा उपाय आहे.

प्रिंट बघताना ती खिडकीपाशी नेऊन बघा. छपाई तपासायच्या आंतरराष्ट्रीय मानकात ५००० केल्विनचा उजेड ठरवलेला आहे. तो दिवसाच्या उजेडाजवळ जातो, पिवळ्या दिव्याजवळ मुळीच नाही.

२. कंप्युटर बाजूला ठेवून मशीनला एकट्याने छापू द्या

एकच तपासणी करायची असेल तर ही करा. बाकी सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

जवळजवळ प्रत्येक रंगीत प्रिंटरला स्वतःच्या पॅनेलवरून एक चाचणी पान छापता येतं. कुठे त्याला प्रिंट क्वालिटी पेज म्हणतात, कुठे डेमो पेज, तर इंकजेटमध्ये नोझल चेक (नोझल म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं). या पानाचा कंप्युटरशी, ड्रायव्हरशी, तुमच्या फाइलशी काही संबंध नसतो. ते ठणठणीत आलं तर मशीन निर्दोष आहे, दोष कंप्युटरच्या बाजूला शोधायचा: मुद्दे ३ ते ५. ते पानसुद्धा बिघडलेलं आलं तर ड्रायव्हरमध्ये कितीही डोकं घाला, उपयोग नाही. सरळ मुद्दा ६ वर जा.

याच्या जोडीला मी स्वतःचं एक पान बनवून ठेवलंय. त्यात सहा चौकोन आहेत: सायन, मजेंटा, पिवळा, लाल, हिरवा, निळा. खाली दहा-दहा टक्क्यांनी गडद होत जाणारी करड्याची पट्टी, एका माणसाच्या चेहऱ्याचा फोटो, लोगो आणि बारीक अक्षरांच्या दोन ओळी. मशीन उत्तम चालत असताना या पानाची एक प्रिंट काढली, मागे तारीख टाकली आणि पाकिटात घालून कपाटात ठेवली. उजेडात ठेवली तर तीच फिकी पडेल. कोणी तक्रार घेऊन आलं की नवी प्रिंट काढायची आणि जुनीशेजारी ठेवायची. ‘पूर्वी चांगलं यायचं’ हे पूर्वीचं माणसाला खरंच आठवत नसतं. पाकिटातल्या कागदाला ते विचारता येतं.

या पानावर सगळ्यात आधी करडी पट्टी बघायची. करडा रंग चारही रंग मिळून बनतो तेव्हा त्यातला एक जरी थोडा सरकला तरी झाक लगेच उठून दिसते. लाल चौकोनात तेवढाच फरक आपल्याला कळतही नाही.

३. ड्रायव्हर

मशीनचं पान चांगलं आलं ना? मग ड्रायव्हर उघडा आणि या चार गोष्टी बघा.

ग्रेस्केल किंवा ब्लॅक अँड व्हाइट चालू राहिलंय का. काळ्या-पांढऱ्या प्रिंटचं हे पहिलं कारण. तुमच्या ड्रायव्हरमध्ये रंगाचा पर्याय दिसतच नसेल, किंवा दाबता येत नसेल, तर बहुधा ऑफिसने रंगीत छपाईवर बंधन घातलेलं आहे. हा दोष नव्हे, परवानगीचा प्रश्न आहे. मशीन उघडू नका.

टोनर सेव्ह किंवा इकॉनॉमी मोड. कोणीतरी काटकसर म्हणून लावतं आणि विसरतं. सगळे रंग सारखेच फिके, पण झाक कुठलीच नाही, असं दिसलं तर हे.

रंगाचा मोड. व्हिव्हिडवर असेल तर चेहरे लालबुंद येतात. स्टँडर्ड किंवा ऑटोमॅटिकवर आणा.

आणि करड्यासाठीची वेगळी सेटिंग, बऱ्याच लेझर ड्रायव्हरमध्ये न्यूट्रल ग्रे नावाने असते. काळी अक्षरं किंवा करड्या रेघा तपकिरी दिसत असतील तर तिथे ‘फक्त काळा’ निवडा. मग करडा नुसत्या काळ्या टोनरने छापला जातो, झाक यायला जागाच राहत नाही.

एकच फाइल दोन कंप्युटरवरून वेगळी येत असेल तर याच चार गोष्टी दोन्हीकडे शेजारी उघडून ताडून बघा. ड्रायव्हरचा प्रकारही बघा. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरला पान समजावून सांगायच्या दोन भाषा आहेत. एकाकडे एक आणि दुसऱ्याकडे दुसरी असेल तर रंगात फरक पडू शकतो.

‘मी सेटिंग बदलली तरी परत तेच होतं’ याचं उत्तरही इथेच आहे. छापताना प्रोग्रॅमच्या चौकटीतून केलेला बदल तेवढ्यापुरता असतो. विंडोजमध्ये प्रिंटिंग प्रेफरन्सेसमधला बदल त्या वापरकर्त्यापुरता टिकतो. सगळ्यांसाठी मूळ सेटिंग बदलायची तर प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या अॅडव्हान्स्ड टॅबवर प्रिंटिंग डिफॉल्ट्स असतं, तिथे बदलावी लागते आणि त्याला अॅडमिनचे अधिकार लागतात.

४. कागदाचा प्रकार

ट्रेमध्ये जाड गुळगुळीत कागद आणि सेटिंगमध्ये साधा कागद, ही जोडी रंग नक्की बिघडवते. लेझरमध्ये कागदाच्या प्रकारावरून मशीन फ्यूजरचं (टोनर वितळवून कागदावर चिकटवणारा गरम भाग) तापमान, कागदाचा वेग आणि टोनर ओढून घेणारा विद्युतदाब ठरवतं. जाड कागदावर साध्याची सेटिंग लावली की रंग ठिपकेदार येतो आणि नखाने खरवडला तर निघतो. इंकजेटमध्ये शाई किती सोडायची हेच कागदावरून ठरतं. साध्या कागदावर फोटो पेपरची सेटिंग लावली तर कागद ओला होतो आणि रंग गढूळ दिसतो. ड्रायव्हरमध्ये आणि मशीनच्या ट्रेमध्ये, दोन्हीकडे सारखा प्रकार निवडा.

दमट हवेत उघडा पडलेला कागदही दगा देतो. नवं पाकीट फोडून एक प्रिंट काढून बघा.

५. फाइल, आणि निळ्याचा जांभळा का होतो

आता त्या प्रसिद्ध तक्रारीकडे. स्क्रीनवरचा झगझगीत निळा हा निव्वळ निळा प्रकाश असतो. प्रिंटरकडे निळी शाई नसतेच. त्याच्याकडे सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा हे चार रंग, निळा हवा असेल तर सायनवर मजेंटा चढवायचा. शुद्ध आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून बनणारे पडद्यावरचे रंग) निळ्याचं रूपांतर होताना मजेंटा इतका भरपूर येतो की कागदावर जांभळा उमटतो. प्रिंटर बिचारा सांगितलेलं काम बरोबर करत असतो.

याचा इलाज फाइलमध्ये करायचा. डिझाइन तुमच्या हातात असेल तर निळ्यामध्ये सायन आणि मजेंटा यांत निदान तीस टक्क्यांचं अंतर ठेवा. सायन १०० असेल तर मजेंटा ७० च्या वर नको, ६० अजून बरा. डिझाइन तुमच्या हातात नसेल तर ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडून छपाईसाठी केलेली फाइल मागा. वेबसाइटवरून उचललेला लोगो चालणार नाही. झगझगीत नारिंगी, पोपटी आणि फ्लुरोसंट छटांची हीच गत आहे. चार रंगांच्या मिश्रणातून त्या निघतच नाहीत. एखाद्या साहेबांना हे पटवून देणं हे प्रिंटर दुरुस्त करण्यापेक्षा अवघड काम आहे, तिथे माझ्याकडे युक्ती नाही.

फाइलच्या बाजूचा दुसरा दोष दुहेरी रंगव्यवस्थापनाचा. फोटो किंवा डिझाइनचे प्रोग्रॅम छापताना विचारतात: रंग कोण सांभाळणार, प्रोग्रॅम की प्रिंटर? प्रोग्रॅमला सांगितलं आणि ड्रायव्हरमध्येही रंगसुधारणा चालू राहिली, तर एकाच रंगावर दोनदा संस्कार होतात. अशा प्रिंटवर बहुधा गुलाबी-लालसर झाक येते. दोघांपैकी एकालाच काम द्या. साध्या ऑफिसकामाला प्रिंटरवर सोपवलेलं बरं. आयसीसी प्रोफाइल (रंग कसे दिसायला हवेत ते सांगणारी छोटी फाइल) नीट बसवलेलं असेल तरच प्रोग्रॅमवर सोपवा आणि मग ड्रायव्हरमधली रंगसुधारणा बंद करा.

फक्त एकाच माणसाने दिलेले फोटो मरगळलेले येत असतील तर ते कॅमेऱ्यातून अॅडोब आरजीबीमध्ये काढलेले असू शकतात. ही नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा जास्त रंग सामावणारी पद्धत आहे. प्रोफाइल न वाचणारा प्रोग्रॅम त्यांना एसआरजीबी समजतो आणि रंग उतरतात. एसआरजीबीमध्ये बदलून जतन करा. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेलं हे मानक जवळजवळ सगळ्या ऑफिस प्रोग्रॅमना कळतं.

६. मशीनचं कॅलिब्रेशन (लेझर)

ज्यांच्या मशीनचं स्वतःचं पानच खराब आलं होतं, त्यांनी इथून पुढे वाचा.

रंगीत लेझरमध्ये चारही रंग आधी आतल्या ट्रान्सफर बेल्टवर (रंग कागदापर्यंत नेणारा पट्टा) किंवा थेट कागदावर एकावर एक बसतात. कॅलिब्रेशन करताना मशीन बेल्टवर छोटे रंगीत ठिपके उमटवतं, सेन्सरने वाचतं, आणि त्यावरून दोन गोष्टी सुधारतं: प्रत्येक रंग किती गडद हवा, आणि तो नेमका कुठे पडायला हवा. पहिली चुकली की झाक येते, दुसरी चुकली की अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसते. मेनूमध्ये कलर कॅलिब्रेशन आणि कलर रजिस्ट्रेशन अशी दोन वेगळी नावं असतील तर दोन्ही चालवा.

सकाळी मशीन चालू केल्या केल्या कॅलिब्रेशन करू नका. वीस-पंचवीस पानं छापून मशीन गरम झालं की करा, कारण टोनरचा विद्युतभार तापमान आणि दमटपणावर बदलतो. थंड मशीनवर जुळवलेला रंग दुपारी पुन्हा सरकलेला दिसतो. चालू असताना वीज बंद करू नका, झाकण उघडू नका.

मोठ्या मल्टिफंक्शन मशीनमध्ये आणखी एक प्रकार असतो: मशीन रंगांची पट्टी छापतं आणि तो कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवायला सांगतं. काच आधी पुसा आणि स्वच्छ पांढरा कागद वापरा. पिवळट किंवा पुनर्वापराचा कागद वापरलात तर मशीन त्या पिवळ्यालाच पांढरा समजून बसेल.

इंकजेट असेल तर

नोझल चेकमध्ये रेघा तुटक असतील तर हेड क्लिनिंग (शाई सोडणाऱ्या भागाची सफाई) करा. एकदा, मग पुन्हा नोझल चेक. दुसऱ्यांदा, पुन्हा चेक. तीन वेळा करूनही रेघा जुळल्या नाहीत तर थांबा, मशीन रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी एकदा करून बघा. वाळलेली शाई दरम्यान मऊ होते. सलग दहा वेळा क्लिनिंग करणारे लोक मी पाहिलेत. ती सगळी शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणारा भाग) जाते आणि पॅड भरलं की मशीनच बंद पडतं. टाकीवाल्या प्रिंटरमध्ये शाई खालच्या खुणेच्या खाली गेलेली असताना क्लिनिंग तर मुळीच नको, नळीत हवा शिरते.

प्रिंटर भिंतीवरच्या स्विचने बंद करायची सवय असेल तर ती सोडा. स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. छपाई चालू असताना वीज काढली तर ते उघडंच राहून वाळतं.

७. टोनर आणि कार्ट्रिज

पैसे लागण्याची शक्यता इथून सुरू होते, म्हणून हे इतक्या उशिरा.

नवं कार्ट्रिज घातल्यापासूनच रंग येत नसेल तर सीलची पट्टी ओढून काढलीय का बघा. हसू नका, मी स्वतः एकदा विसरलोय. टोनर संपत आला असेल तर कार्ट्रिज काढून आडवं धरून पाच-सहा वेळा हळू हलवा. त्यानंतर रंग परतला तर निदान झालं, नवं मागवा.

शेजारी त्याच मॉडेलचं दुसरं मशीन असेल तर त्याच रंगाचं कार्ट्रिज अदलाबदल करून बघा. दोष कार्ट्रिजबरोबर गेला तर कार्ट्रिज खराब, जागच्या जागी राहिला तर मशीन. एकाच मशीनमध्ये सायनच्या खाचेत मजेंटा घुसवायचा प्रयत्न मात्र करू नका.

ड्रमला (ज्यावर टोनरची प्रतिमा उमटते ते नळकांडं) बोट लावू नका, काही मिनिटांपेक्षा जास्त उजेडात ठेवू नका, वर कागद झाका. सांडलेला टोनर गार पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. गरम पाण्याने तो चिकटतो आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर ती बारीक पूड फिल्टरमधून पुन्हा हवेत सोडतो.

८. आता स्लायडर

इतकं सगळं करूनही थोडी झाक उरली, तर आता आकडे बदला. आधीचे सगळे आकडे कागदावर लिहून ठेवा. मग पहिल्यांदा गडदपणा जुळवा, नंतर रंग. जोड्या लक्षात ठेवा: सायनच्या विरुद्ध लाल, मजेंटाच्या विरुद्ध हिरवा, पिवळ्याच्या विरुद्ध निळा. प्रिंट हिरवट असेल तर मजेंटा एक पायरी वाढवा. एका वेळी एकच रंग, एकच पायरी, एक प्रिंट, आणि त्या प्रिंटवरच पेनाने आकडा. निकाल करड्या पट्टीवरून ठरवा, लोगोवरून नाही. इंकजेटची प्रिंट पंधरा मिनिटं वाळू द्या, ओल्या शाईचा रंग फसवतो.

ही सेटिंग वेगळ्या नावाने जतन करा, मूळ सेटिंगवर लिहू नका. दोन-तीन पायऱ्यांच्या पलीकडे जावं लागत असेल तर वरचं काहीतरी सुटलंय. आकडे शून्यावर आणा आणि मागे जा.

इथे थांबा, इंजिनिअरला बोलवा

- कॅलिब्रेशन चुकल्याचा संदेश दोनदा आला. सेन्सर किंवा बेल्टचं काम आहे.
- ठरावीक अंतराने डाग येतोय आणि ड्रम कार्ट्रिज बदलूनही गेला नाही. दोन डागांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा. ते कुठल्यातरी रोलरच्या परिघाइतकं असतं आणि इंजिनिअरकडे त्याचा तक्ता असतो.
- उभी पांढरी रेघ कार्ट्रिज बदलूनही जात नाही. लेझरच्या काचेवर धूळ असू शकते. काही मशीनना ती पुसायची दांडी दिलेली असते, ती नसेल तर लेझरचा भाग उघडू नका.
- करपट वास, धूर, किंवा आत भरपूर सांडलेला टोनर. वीज काढा. फ्यूजर जवळपास २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, लगेच हात घालू नका.
- इंटरनेटवर सापडलेला सर्व्हिस मोडचा कोड वापरून बघावासा वाटतोय. तिथले आकडे बदलले तर परत आणायला तुमच्याकडे काही नसतं.
- ब्रँडचा रंग तंतोतंतच हवाय. हे काम इंजिनिअरचंही नाही. तो रंग वेगळ्या शाईने छापणाऱ्या छापखान्याकडे फाइल पाठवा.

इंजिनिअर येईल तेव्हा त्याला मशीनचं चाचणी पान, पाकिटातली जुनी प्रिंट, आजची प्रिंट, डागांचं अंतर आणि कुठलं कार्ट्रिज कधी बदललं ते द्या. आणि तो यायच्या आधी ड्रायव्हर आणि पॅनेलवरचे रंगाचे सगळे आकडे शून्यावर आणून ठेवा.